जादूच्या शाळा आणि त्यांची गुरुदक्षिणा

ज्या घरांत वाचनाची आवड असलेलीं मुलें आहेत, त्या घरांत जादूच्या शाळेची ओळख करून देण्याचें कारण उरलेलें नाहीं. इ. स. १९९७ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीमुळें हॉगवर्ट्स या कल्पित शाळेचें नांव पुण्यामुंबईच्या मुलांनाहि स्वतःच्या शाळेइतकेंच परिचयाचें झालें आहे. त्याच्याहि आधीं, १९६८ सालीं, उर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेनें रोक नांवाच्या बेटावर अशीच एक शाळा वसविली होती. मुलें या पुस्तकांत रमून गेलेलीं पाहिलीं म्हणजे वडील माणसें लेखकांच्या कल्पनाशक्तीचें कौतुक करतात. तें योग्यच आहे. परंतु मूळ कल्पना या लेखकांची नव्हे. मंत्रविद्या शिकविणारी शाळा, तेथें दूरदूरून येणारे विद्यार्थी, तेथील गूढ ग्रंथ आणि अखेरीस द्यावी लागणारी भयंकर गुरुदक्षिणा, ही सारी सामग्री जुन्या दंतकथांत शेंकडों वर्षांपूर्वींच तयार झालेली होती.

आज मी आपणांस या जुन्या शाळांची हकीकत सांगणार आहें. जादू खरी कीं खोटी, हा माझ्या भाषणाचा विषय नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे. या दंतकथा ज्या गांवांशीं निगडित झाल्या, त्यांपैकीं कित्येक ठिकाणीं खरोखरच एखादें विद्यापीठ, एखादें ग्रंथालय किंवा विद्वानांचा मेळा होता. जेथें माणसें गणित, ज्योतिष आणि वैद्यक शिकत होतीं, तेथें सैतान शिकवितो असें लोकांना कां वाटावें? आणि अशा बहुतेक कथांत शेवटीं गुरुदक्षिणेचाच तंटा कां उपस्थित व्हावा?

आरंभ स्पेन देशांतील टोलेडो शहरापासून करूं. टेगस नदीच्या वेढ्यांत एका उंच खडकावर वसलेलें हें शहर सुमारें पावणेचारशें वर्षें मुसलमानी अमलाखालीं होतें. इ. स. १०८५ मध्यें कास्तिलचा ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो यानें तें घेतलें. शहर घेतांना राजाच्या हातीं तट, वाडे आणि बाजार तर आलेच. पण त्यांच्याबरोबर आणखी एक ठेवा आला, तो अरबी ग्रंथांचा. त्या काळीं पश्चिम युरोपांतील विद्येची स्थिति मोठी केविलवाणी होती. ग्रीकांचे शास्त्रग्रंथ बहुतेक नष्ट किंवा विस्मृत झाले होते. तेच ग्रंथ अरबी भाषेंत मात्र सुखरूप होते. इतकेंच नव्हे, तर अरब पंडितांनीं त्यांवर भाष्यें लिहून व त्यांच्या चुका दुरुस्त करून ती विद्या पुष्कळ पुढें नेली होती.

हें वर्तमान कळतांच इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी अशा देशोदेशींचे जिज्ञासु लोक टोलेडोची वाट चालूं लागले. त्यांत क्रेमोना गांवचा जेरार्ड नांवाचा एक इटालियन होता. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा ज्योतिषग्रंथ लॅटिन भाषेंत मिळत नाहीं, म्हणून तो केवळ त्या एका ग्रंथासाठीं टोलेडोस आला. आणि तेथील ग्रंथसंपत्ति पाहून जन्मभर तेथेंच राहिला. त्यासाठीं तो अरबी शिकला आणि ११८७ सालीं मरण येईपर्यंत सत्तरांहून अधिक ग्रंथ त्यानें लॅटिन भाषेंत आणले. भाषांतराची तेथील एक रीतहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुष्कळदां अरबी जाणणारा एखादा यहुदी किंवा स्थानिक ख्रिस्ती मनुष्य मूळ वाक्य वाचून त्याचा अर्थ बोलभाषेंत सांगे आणि शेजारीं बसलेला पाद्री तो लॅटिनमध्यें उतरून घेई. मुसलमानाचा ग्रंथ, यहुद्याचें तोंड आणि ख्रिस्त्याची लेखणी अशा तिघांच्या सहकार्यानें युरोपची नवी विद्या जन्मास येत होती.

आतां हेंच दृश्य दूरच्या एखाद्या जर्मन खेड्यांतील मनुष्याच्या डोळ्यांनीं पाहा. गांवचा एक हुशार मुलगा परदेशीं जातो. दहा वर्षांनीं परत येतो तेव्हां त्याच्याजवळ पितळेची एक तबकडी असते. ती ताऱ्याकडे धरून तो रात्रीचा प्रहर सांगतो. तो ग्रहणाचा दिवस आधींच वर्तवितो. कागदावर नऊ वांकडीं चिन्हें आणि एक पोकळ वर्तुळ काढून, व्यापाऱ्याला तासभर लागणारा हिशेब तो क्षणांत पुरा करतो. हें सारें तो कोठें शिकला? तर धर्मशत्रूंच्या ग्रंथांतून! मग त्याचा गुरु कोण असावा याविषयीं गांवाला शंका कशी राहणार?

म्हणून तेराव्या शतकाच्या आरंभीं टोलेडोचें नांव सबंध युरोपांत मंत्रविद्येची राजधानी म्हणून दुमदुमूं लागलें. ‘टोलेडोची विद्या’ म्हटलें कीं भुतें वश करण्याची विद्या, असा अर्थ रूढ झाला. हाइस्टरबाख मठाचा साधु सेझारियस यानें १२२० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत टोलेडोला मंत्रविद्या शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांची एक गोष्ट दिली आहे. गुरूनें त्यांना एका रिंगणांत उभें केलें आणि काय वाटेल तें झालें तरी बाहेर हात काढूं नका, म्हणून बजावलें. सैतानांनीं आधीं सशस्त्र शिपायांचीं रूपें घेऊन त्यांना भिवविलें. तें साधेना, तेव्हां ते नाचणाऱ्या सुंदर तरुणी बनून आले. त्यांतील एकीनें पुढें केलेली अंगठी घेण्यासाठीं एका विद्यार्थ्यानें बोट बाहेर काढलें मात्र, आणि तो ओढला गेला! टोलेडोंत भाषांतरें करणाऱ्या आणि पुढें सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या पदरीं राहिलेल्या मायकेल स्कॉट या पंडिताला महाकवि दांते यानें आपल्या काव्यांत नरकवासी मांत्रिकांच्या रांगेंत उभें केलें आहे.

परंतु या समजुतीला कांहींच आधार नव्हता असें म्हणणें मात्र सत्याला सोडून होईल. त्या काळीं ग्रहगणित आणि फलज्योतिष, रसायन आणि किमया, वैद्यक आणि ताईत यांच्यामध्यें आजच्यासारखी भिंत नव्हती. तीं एकाच फळीवर शेजारीं शेजारीं नांदत होतीं. ‘पिकाट्रिक्स’ या नांवानें युरोपांत गाजलेला ग्रहांच्या जादूचा अरबी ग्रंथ, विद्वान म्हणून कीर्ति मिळविलेल्या दहाव्या आल्फोन्सो राजानेंच १२५६ च्या सुमारास कास्तिलच्या भाषेंत उतरविला. तेव्हां टोलेडोच्या ग्रंथांत जादू होती, हें खरें. परंतु लोकांनीं त्या एका पुस्तकावरून सबंध ग्रंथालयाला नांव ठेवलें.

हा प्रकार टोलेडोच्याहि आधींचा आहे. ओरिलाकचा गेर्बेर्त नांवाचा एक फ्रेंच साधु ९६७ च्या सुमारास स्पेनच्या सीमेवरील कातालोनिया प्रांतांत गणित शिकला. अरबांकडून आलेले अंक सोंगट्यांवर कोरून त्यांच्या साहाय्यानें पाटीवर हिशेब करण्याची रीत त्यानें फ्रान्समध्यें शिकविली. पुढें तोच ९९९ मध्यें दुसरा सिल्व्हेस्टर या नांवानें पोपच्या गादीवर बसला. त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशें वर्षांनीं माम्झबरीच्या विल्यम नांवाच्या इंग्रज इतिहासकारानें त्याची जी हकीकत लिहिली, तींत गणिताबरोबर चोरीहि आली आहे. गेर्बेर्तनें म्हणे आपल्या मुसलमान गुरूचा मंत्रग्रंथ उशाखालून पळविला. गुरूला ताऱ्यांवरून जमिनीवरची आणि पाण्यावरची प्रत्येक वस्तु दिसत असे. म्हणून हा पठ्ठ्या एका लांकडी पुलाखालीं हातांनीं लोंबकळत राहिला. खालीं जमीन नाहीं, अंगाला पाणी नाहीं. गुरूची विद्या तेथें आंधळी झाली! कथा गमतीची आहे खरी. परंतु शिष्यानें विद्या घेतली आणि तीहि चोरून घेतली, हा तींतील भाग विसरूं नका. आपल्याला तो पुढें उपयोगीं पडणार आहे.

टोलेडोहून सालामांकाला येऊं. लेओनचा राजा नववा आल्फोन्सो यानें १२१८ मध्यें येथें स्थापिलेलें विद्यापीठ आजहि चालूं आहे. या विद्यापीठाच्या गांवीं सान सेब्रियान नांवाच्या एका जुन्या चर्चचें तळघर होतें. त्या तळघरांत सैतान सात विद्यार्थ्यांना सात वर्षें मंत्रविद्या शिकवितो आणि मुदत संपल्यावर सातांपैकीं एकाला वेतन म्हणून ठेवून घेतो, अशी दंतकथा तेथें पसरली. एकदां चिठ्ठी व्हिलेनाच्या सरदारावर आली. त्यानें युक्तीनें सुटका करून घेतली, परंतु सैतानाच्या हातीं त्याची सावली सांपडली. तेव्हांपासून तो मनुष्य सावलीवांचून वावरूं लागला.

हा सरदार मात्र कल्पित नव्हे. एन्रिके दे व्हिलेना याचा जन्म १३८४ चा आणि मृत्यु १४३४ चा. तो राजघराण्याच्या नात्यांतला होता. त्याला तरवारीपेक्षां पुस्तकांचा नाद अधिक होता. व्हर्जिलचें महाकाव्य त्यानें कास्तिलच्या भाषेंत आणलें; मेजवानींत मांस कापून वाढण्याच्या कलेवरहि त्यानें एक सबंध ग्रंथ लिहिला. तो मेल्यावर राजाच्या आज्ञेनें लोपे दे बार्रिएन्तोस या धर्माधिकाऱ्यानें त्याचा ग्रंथसंग्रह तपासला आणि त्यांतील पुष्कळ पुस्तकें जाळून टाकलीं. सरदाराची सावली सैतानानें नेली असें कथा सांगते. त्याचीं पुस्तकें माणसांनीं जाळलीं असें इतिहास सांगतो. या कथेची कीर्ति मात्र जळाली नाहीं. १६१५ मध्यें सेर्व्हांतेसचें ‘सालामांकाची गुहा’ हें प्रहसन छापलें गेलें, आणि स्पॅनिश लोकांबरोबर ही कथा अटलांटिक महासागर ओलांडून गेली. अर्जेंटिनाच्या खेड्यांतून ‘सालामांका’ हा शब्दच मुळीं चेटूक शिकविणाऱ्या गुहेचा वाचक बनला आहे.

उत्तरेकडे, युरोपच्या अगदीं टोंकाला, आइसलंड बेटावर या कथेचें आणखी एक रूप भेटतें. तेथें १०५६ ते ११३३ या काळांत सेमुंड नांवाचा एक मोठा पंडित होऊन गेला. ‘बहुश्रुत’ या अर्थाची पदवी त्याच्या नांवाला कायमची जोडलेली आहे. तो तरुणपणीं परदेशीं विद्या शिकून आला, ओड्डी या आपल्या गांवीं त्यानें विद्येचें केंद्र स्थापिलें आणि नॉर्वेच्या राजांचा इतिहास लॅटिनमध्यें लिहिला. आपला मनुष्य परदेशीं नेमकें काय शिकला, हें त्याच्या देशबांधवांना समजलें नाहीं. तेव्हां त्यांनीं त्यासाठीं ‘काळी शाळा’ निर्माण केली. या शाळेला खिडकी नाहीं, शिक्षक दिसत नाहींत. पुस्तकांतील अक्षरें विस्तवासारखीं जळतात, म्हणून अंधारांतहि वाचतां येतात. भिंतींतून एक करडा केसाळ हात बाहेर येतो आणि अन्न देऊन जातो. शिक्षण संपल्यावर जो सर्वांच्या मागून बाहेर पडेल तो सैतानाचा. सेमुंड आपण होऊन मागें राहिला. त्यानें झगा नुसता खांद्यावर टाकला होता. सैतानानें मागून पकडतांच त्याच्या हातीं झगा राहिला आणि सेमुंड निसटला. लोखंडी दार इतक्या वेगानें आपटलें कीं त्याच्या टाचेला जखम झाली. दुसऱ्या पाठांतराप्रमाणें सेमुंडानें मागें पडलेल्या आपल्या सावलीकडे बोट दाखविलें, आणि ती घेऊनच सैतानाला समाधान मानावें लागलें. सालामांकाची सावली आइसलंडांतहि पडलेली आहे!

आइसलंडच्या लोकांना आपल्या या पंडिताचा मोठा अभिमान आहे. सैतान सील माशाचें रूप घेऊन त्याला समुद्रांतून घरीं आणीत असतां, किनारा जवळ येतांच त्यानें स्तोत्रांचा ग्रंथ त्या सीलच्या डोक्यांत घातला, अशी आणखी एक कथा आहे. आणि त्या प्रसंगाचा पुतळा तेथील विद्यापीठासमोर उभा आहे. ज्या विद्येपायीं जादुगार ठरावें लागलें, तिचा गौरव शेवटीं विद्यापीठाच्या दारींच झाला.

कार्पेथियन पर्वतांतील ट्रान्सिल्व्हेनिया प्रांताची कथा १८८५ मध्यें एमिली जेरार्ड या लेखिकेनें इंग्रजींत आणली, आणि तेथून ती १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ कादंबरींत शिरली. डोंगरांच्या पोटांतील या शाळेंत दहा विद्यार्थी असतात. पशुपक्ष्यांची भाषा आणि वादळें उठविण्याची विद्या तेथें शिकवितात. नऊ जण घरीं जातात आणि दहावा सैतानाचा चाकर होऊन आकाशांत गडगडाट करीत फिरतो. येथें जवळपास खरें विद्यापीठ दाखवितां येत नाहीं. तरी पण शाळेचें नांव ध्यानांत घ्या. तें यहुद्यांचा ज्ञानी राजा सॉलोमन याच्या नांवावरून पडलें आहे. म्हणजे येथेंहि विद्या आपली नव्हे, ती परक्यांची!

श्रोतेहो, आतां या कथांतील समान धागा आपल्या लक्षांत आला असेल. विद्या नेहमीं परक्याकडून येते, आणि म्हणून तो परका गुरु सैतान ठरतो. एकदां त्याला सैतान ठरविला म्हणजे त्याची दक्षिणा बुडविणें हें पाप न राहतां पराक्रम बनतें. सेमुंड सुटला, व्हिलेना सुटला, गेर्बेर्त पुलाखालीं लपला, आणि ऐकणाऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या. गुरूनें सात वर्षें शिकविलें, त्याचें काय, हा प्रश्न कोणींच केला नाहीं.

कोणींच नाहीं असें म्हणणें मात्र बरोबर नाहीं. तो प्रश्न करणारा एक मनुष्य स्पेनमध्येंच निघाला. दोन हुआन मानुएल हा राजपुरुष होता. त्यानें १३३५ मध्यें पुरा केलेल्या कथासंग्रहांत टोलेडोचा जादुगार दोन इल्यान याची कथा आहे. सांतियागोच्या ख्रिस्तमंदिराचा एक अधिकारी इल्यानकडे मंत्रविद्या शिकण्यास आला. इल्यान म्हणाला, ‘आपण पुढें मोठे व्हाल आणि मला विसराल.’ पाहुण्यानें शपथा घेतल्या. तेव्हां इल्यानानें दासीला बोलावून रात्रीच्या जेवणासाठीं तित्तिर पक्षी आणण्यास सांगितलें. परंतु मी सांगेपर्यंत ते भाजूं नकोस, म्हणून बजावलें. मग दोघे एक लांब जिना उतरून, जणूं नदीच्याहि खालीं असलेल्या ग्रंथांच्या खोलींत गेले.

पुस्तकें उघडतात तोंच जासूद आले. पाहुण्याचा चुलता आर्चबिशप होता, तो आजारी पडला होता. थोड्याच दिवसांत चुलता वारला आणि पाहुणा आर्चबिशप झाला. इल्यानानें रिकामी झालेली जागा आपल्या मुलासाठीं मागितली. ती आर्चबिशपानें आपल्या भावाला दिली. पाहुणा चढत चढत कार्डिनल झाला, शेवटीं पोप झाला. प्रत्येक पायरीवर इल्यान मागत गेला आणि जागा नातलगांना मिळत गेली. अखेर पोप रागावून म्हणाला, ‘फार बोलशील तर तुरुंगांत टाकीन, तूं टोलेडोंत जादूवर पोट भरणारा पाखंडी आहेस, हें मला ठाऊक आहे.’ इल्यानानें परतीच्या वाटेसाठीं नुसती शिदोरी मागितली. पोपनें तीहि नाकारली. ‘तर मग,’ इल्यान म्हणाला, ‘आज रात्रीसाठीं सांगितलेले तित्तिरच मला खाल्ले पाहिजेत.’ आणि दासीला हांक मारून त्यानें ते भाजण्यास सांगितलें. त्या क्षणीं पोप पाहतो, तो आपण टोलेडोच्या त्याच खोलींत, सांतियागोचा तोच साधा अधिकारी म्हणून बसलेले आहों!

त्या पोपच्या तोंडचा शेवटचा शब्द पाहा. जोंवर विद्या हवी होती तोंवर इल्यान गुरु होता. ऋण फेडण्याची वेळ येतांच तो ‘जादुगार’ आणि ‘पाखंडी’ झाला. ऋणकोला धनकोचें तोंड नकोसें झालें म्हणजे तो त्याला असेंच कांहीं नांव ठेवतो. टोलेडोची सारी दुष्कीर्ति या एका वाक्यांत उलगडते, असें मला वाटतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. दूरच्या लोकांवर जादूचा आरोप करण्यांत आपणहि मागें राहिलेलों नाहीं. ‘नवनाथ भक्तिसार’ हा ग्रंथ शके १७४१ मध्यें, म्हणजे १८१९ सालीं, पुरा झाला. तो महाराष्ट्रांत घरोघर वाचला जातो, आणि मच्छिंद्रनाथाला स्त्रीराज्यांतून सोडवून आणणाऱ्या गोरक्षाची कथा लहानथोरांना पाठ असते. लोकांच्या समजुतींत हें स्त्रीराज्य आणि कामरूप देश, म्हणजे आजचा आसाम, हे एकमेकांत मिसळून गेले. कामरूपांत गेलेल्या पुरुषाचा तेथील बायका बोकड करून ठेवतात, अशा गोष्टी उत्तर हिंदुस्थानांतहि सांगत असत. कामाख्येच्या पीठामुळें तंत्रमार्गाचें तेथें मोठें प्रस्थ होतें, हें खरेंच. परंतु याच कामरूपाचा राजा भास्करवर्मा यानें सातव्या शतकांत नालंदा येथें शिकत असलेल्या ह्यूएनत्संग या चिनी पंडिताला आग्रहानें आपल्या दरबारीं बोलावून घेतलें होतें. ही ज्ञानलालसा आपल्या लक्षांत राहिली नाहीं. बोकड मात्र राहिले!

तरी याच भूमींत या प्रश्नाचें फार जुनें उत्तरहि सांपडतें. पाली भाषेंतील जातककथांत तक्षशिलेचें नांव वारंवार येतें. दूरदेशचे राजपुत्र आणि ब्राह्मणपुत्र तेथें तीन वेद आणि अठरा विद्या शिकण्यास जात. श्रीमंताचा मुलगा आचार्याला आधीं हजार नाणीं दक्षिणा देई; गरिबाचा मुलगा गुरुसेवा करून शिके. त्या नगरीचे अवशेष आज पाकिस्तानांत रावळपिंडीजवळ आहेत. सर जॉन मार्शल यांनीं १९१३ पासून दोन दशकें तेथें उत्खनन केलें.

या जातकांत ‘अंब जातक’ नांवाची एक आंब्याची कथा आहे. एका चांडाळाजवळ असा मंत्र होता कीं, झाडापासून सात पावलांवर उभें राहून तो म्हणावा आणि ओंजळभर पाणी झाडावर टाकावें. तत्क्षणीं जुनीं पानें गळून पडत, नवी पालवी फुटे, मोहोर येई आणि अवेळीं पिकलेले आंबे खालीं पडत. एका ब्राह्मण तरुणानें हें पाहिलें. तो चांडाळाच्या घरीं राहिला. त्यानें पाणी भरलें, लांकडें आणलीं, पडेल तें काम केलें. शेवटीं गुरुपत्नीच्या शब्दाखातर गुरूनें त्याला मंत्र दिला. मात्र एक अट घातली: ‘कोणी विचारील तेव्हां माझें नांव सांग. मी चांडाळ म्हणून लाजलास आणि दुसऱ्याचें नांव घेतलेंस, तर मंत्र जाईल.’

तरुण वाराणसीस गेला. अवेळींचे आंबे पाहून राजानें त्याला पदरीं ठेवलें आणि त्याचें वैभव वाढलें. एके दिवशीं राजानें सहज विचारलें, ‘ही विद्या आपण कोणापाशीं शिकलांत?’ भरल्या सभेंत चांडाळाचें नांव त्याच्या ओठांवर येईना. तो म्हणाला, ‘तक्षशिलेच्या एका जगद्विख्यात आचार्यापाशीं.’ तोंडांतून शब्द निघाला आणि मंत्र गेला. पुढें राजानें आंबे मागितले तेव्हां त्यानें नक्षत्र अनुकूल नसल्याची सबब सांगितली. अखेर त्याला सत्य सांगावें लागलें. राजानें त्याला हांकून दिलें, आणि गुरूनें पुन्हां जवळ केलें नाहीं.

या कथेंत सैतान नाहीं. सावली नाहीं कीं लोखंडी दार नाहीं. गुरूनें मागितलेली खरी दक्षिणा एवढीच, कीं ‘माझें नांव सांग.’ ती हजार नाण्यांहून स्वस्त होती, आणि तरीहि शिष्याला ती जड झाली. कारण तें नांव उच्चारणें म्हणजे आपल्या जातीचा गर्व सोडणें होतें. आपल्या समाजांत किती विद्या, किती कला आणि किती औषधी अशाच हातांकडून आपल्या घरांत आल्या, आणि त्या हातांचीं नांवें आपण कोणत्या तक्षशिलेच्या आड लपविलीं, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.

माझें बोलणें संपविण्यापूर्वीं त्या जर्मन खेड्यांतील नऊ वांकड्या चिन्हांची हकीकत पुरी केली पाहिजे. तीं चिन्हें आपलीं आहेत. ब्रह्मगुप्तानें ६२८ मध्यें शून्यासह गणिताचे नियम सांगितले. आठव्या शतकांत एक हिंदी पंडित सिद्धांतग्रंथ घेऊन बगदादला खलिफा मन्सूराच्या दरबारीं गेला, असें अरबी इतिहासकार सांगतात. नवव्या शतकाच्या आरंभीं अल्-ख्वारिझ्मी यानें या अंकगणितावर ग्रंथ लिहिला, आणि तो हिंदूंची गणनपद्धति म्हणूनच लिहिला. गुरूचें नांव सांगण्यास त्याला लाज वाटली नाहीं. बाराव्या शतकांत त्या ग्रंथाचें लॅटिन झालें, आणि पिसाच्या लिओनार्डोनें १२०२ मध्यें आपल्या प्रख्यात ग्रंथांत हे हिंदूंचे अंक म्हणून स्पष्ट सांगितलें.

यावर आपण नुसतेच फुशारून जाऊं, तर तें मात्र बरें नव्हे. आपल्या ज्योतिषांतील ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीक भाषेंतून आलेले आहेत. आणि यवन हे परके असले तरी या शास्त्रामुळें ते आदरास पात्र आहेत, असा निर्वाळा वराहमिहिरानें सहाव्या शतकांत दिला आहे. त्यानेंहि नांव सांगितलें, आणि त्याचा मंत्र गेला नाहीं.

आज रात्रीं घरांतील मुलें जादूच्या शाळेचें पुस्तक उघडून बसलीं, तर त्यांना अडवूं नका. फक्त एवढें विचारा, कीं शाळा सोडतांना त्या विद्यार्थ्यांनीं गुरूला काय दिलें? आणि तोच प्रश्न आपण स्वतःलाहि विचारूं या. विद्येचें झाड कोणाच्याहि अंगणांत वाढतें, आणि कोणाच्याहि ओंजळीच्या पाण्यानें फळतें. तें फळतें राहावें असें वाटत असेल, तर तें पाणी कोणाचें, हें भरल्या सभेंत सांगण्याचें धैर्य आपल्या अंगीं पाहिजे.